पन्हाळीचा उतार

सागाची पानगळ माघ-फाल्गुनात आटोपते. तेव्हापासून रोहिणीपर्यंत मेळघाटात घरावर चढायला मोकळे दिवस असतात. तरी सेमाडोहचा निरोप येतो तो मृगाची पहिली सर पडून गेल्यावरच. निरोपही ठरलेला: "मिस्तरी, पन्हाळ गळून राह्यली. येऊन डाग देऊन द्या." मी परतवाड्याचा, टिनकाम करणारा. दुकानात धान्याच्या कोठ्या, बादल्या, चाळण्या होतात. उन्हाळा लागला की छपरं आणि पन्हाळी. घटांगचा घाट चढून सेमाडोहला उतरायचं, हरिसालपर्यंतची कामं उरकायची आणि झड लागायच्या आत परत यायचं, हा माझा वर्षाचा रिवाज आहे. इतकी वर्षं पन्हाळी उतरवून-चढवून माझं एक मत पक्कं झालंय. पन्हाळ भोकामुळे गळत नाही, ती झोलामुळे गळते. भोक मागून पडतं. म्हणून नुसता डाग मागणाऱ्याला मी आधी दोरी धरायला लावतो.

आमचा पाऊस कोकणासारखा नाही. समुद्र इथून फार लांब. पण गाविलगडाच्या डोंगरामुळे मेळघाटाच्या वाट्याला जे येतं ते खालच्या वऱ्हाडाला माहीत नाही. अकोल्याला वर्षाकाठी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चिखलदऱ्याला दीड हजारांच्या आसपास. हा डोंगर म्हणजे सगळ्या मुलखाचं आढंच. दक्षिणेच्या पाख्यावरचं पाणी सापन, चंद्रभागा, शहानूर या नद्यांनी पूर्णेला जातं, उत्तरेच्या पाख्यावरचं सिपना, गडगा, खापरा यांनी थेट तापीला. पूर्णाही पुढे चांगदेवजवळ तापीलाच मिळते. सेमाडोह उत्तरेच्या पाख्यावर, सिपनेच्या काठी. इथल्या उतारावर पडलेलं पाणी थांबत नाही. थांबवलं तरच थांबतं.

घरावर पाऊस दोन तऱ्हांनी येतो. मृगाच्या आधी आणि मृगात वावधन सुटतं. तो पाऊस आडवा येतो, कवेलूंच्या खालून शिरतो, टिनाची कड उचलतो, पन्हाळीचा सैल आकडा उपटतो. मग पुनर्वसू-पुष्यात झड लागते. तीन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, पाऊस जोराचा नसतो पण सुटत नाही. वावधनात पन्हाळ हलते आणि झडीत ती भरते. वावधनानंतर लगेच दुरुस्ती झाली तर झड निभते. ते राहिलं की झडीत भिंत जाते.

सेमाडोहची जुनी घरं पाहिली की भिंतीची काळजी का करायची ते कळतं. कोरकू गावात रस्त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर घरांच्या ओळी असतात. भिंती कुडाच्या: बांबूचा ताटवा, त्यावर माती-शेणाचा लेप. वर पूर्वी गवत, नंतर कवेलू, आता बऱ्याच घरांवर टिन. कुंभार चाकावर मातीची नळी काढायचा, ती जरा सुकली की उभी दुभागायचा आणि भाजायचा, की झाले कवेलू. आता कवेलू करणारे हात कमी झाले आणि वानरांच्या टोळ्या छपरावरून उड्या मारत जातात, त्यात दर वर्षी ओळीच्या ओळी फुटतात. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये महाराष्ट्रभर, विदर्भातही, गारपीट झाली तेव्हा तर ठिकठिकाणी कवेलूंचा चुरा झाला. माणसं टिनाकडे वळली यात नवल नाही. पण कवेलूवरून पाणी थबकत थबकत, थोडं पिऊन खाली येतं. टिनावरून ते एकदम सुटतं. कवेलूच्या हिशेबाने लावलेली पन्हाळ टिनाखाली कमी पडते. छप्पर बदलणारे पन्हाळ मात्र जुनीच ठेवतात.

मागे एका घरी गेलो होतो. ओसरीला टिनाचं एक पाखं, त्याला तीस फुटांची पन्हाळ. घरची म्हातारी कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "थ्या कोपऱ्यातून गळते, मिस्तरी. मागच्या साली डांबर लावलं होतं, तरी गळते."

"माय, आधी पाहू तर द्या, पाणी कुठं उभं राह्यते."

लेव्हल नळी काढली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक पन्हाळीच्या वरच्या मुखाशी, दुसरं खालच्या तोंडाशी धरायचं. दोन्हीकडचं पाणी आपोआप एका पातळीवर येतं. त्या खुणांवरून दोरी ताणली. दोन टोकांत उतार होता, ठीक होता. पण दोरीपासून पन्हाळीचा तळ जागोजागी मोजत गेलो तर मधोमध दोन बोटं खाली. तिथे वाळलेल्या गाळाचा काळा पट्टा पडला होता आणि पट्ट्याखालचा जस्ताचा थर खाऊन पांढरी भुकटी झाली होती. भोकं तिथे होती, मोहरीएवढी, पाच-सहा. पाणी तिथून निघून पन्हाळीच्या पोटाला धरून सरकत सरकत कोपऱ्यातल्या सांध्याशी येऊन टपकत होतं. डांबर त्या सांध्यावर फासलेलं होतं. सांधा चांगलाच होता.

गळतीची जागा आणि गळतीचं कारण यांची गाठ क्वचितच पडते. पाणी पोटाशी चिकटून वाहतं, खिळ्याच्या डोक्याशी, घडीशी, जिथे त्याला अडायला मिळेल तिथे थेंब होऊन सुटतं. म्हणून खालून पाहून काही कळत नाही. शिडी लावून वर चढायचं, पन्हाळ कोरडी करायची, वरच्या टोकाला बादलीभर पाणी सोडायचं आणि ते कुठे रेंगाळतं ते पाहायचं. जिथे रेंगाळलं तिथे दोष.

झोल येतो वजनाने. सहा इंच रुंद, पाच इंच खोल पन्हाळ काठोकाठ तुंबली तर तीस फुटांत पावणेदोनशे किलोंच्या घरात पाणी साठतं, वर भिजलेला पालापाचोळा वेगळा. आकडे मात्र चार-चार, पाच-पाच फुटांवर मारलेले असतात आणि बहुतेक वेळा वळचणीच्या फळीला. ती फळी फाट्यांच्या तोंडाला खिळलेली असते. लाकडाच्या तोंडात खिळा धरत नाही, कारण तो तंतूंच्या दिशेने जातो. ओढ बसली की सरळ बाहेर येतो. मी आकडा फाट्याच्या कुशीला बसवतो, स्क्रूने, दोन फूट, फार तर अडीच फुटांवर. आकडाही पातळ पट्टीचा चालत नाही. पाव इंच जाडीची लोखंडी पट्टी वाकवून केलेला हवा. पैसे वाचवायचे तर पत्र्यात वाचवा, आकड्यात वाचवू नका, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

तुंबण्याला इथे सागासारखं कारण नाही. सागाचं पान मोठं, खरखरीत, पत्रावळीच्या कामाचं. एक पान पन्हाळीच्या तोंडावर आडवं बसलं की झाकणच. शिवाय पावसाच्या उत्तरार्धात सागाला अळी लागते. ती पानातला सगळा गर खाते आणि शिरांची जाळी तेवढी ठेवते. जंगलच्या जंगल तांबूस होतं. ती जाळीची पानं उडून पन्हाळीत येतात आणि चाळणीसारखं काम करतात: पाणी जाऊ देतात, माती धरून ठेवतात. हस्ताच्या पावसापर्यंत त्या मातीत गवत उगवलेलं मी पाहिलंय. म्हणून मी तोंड पन्हाळीइतकंच रुंद ठेवतो. खालचा पाइप चार इंचांखाली घेत नाही, आणि तोंडावर सपाट जाळी कधीच बसवत नाही. सपाट जाळीवर पान झोपतं. तारेची उभी टोपी केली तर पान तिच्या अंगाला टेकून राहतं आणि पाणी वरून जातं.

उतार किती द्यावा यावर मिस्तऱ्यांत वाद आहेत. माझा हिशेब दहा फुटांना एक इंच. शहरातल्या बंगल्यांवर याहून कमी देतात, कारण तिरकी पन्हाळ डोळ्यांना खुपते. सागाच्या जंगलात डोळ्यांचं ऐकून चालत नाही. पाण्याला ओढ मिळाली तर ते पाचोळा आपल्याबरोबर घेऊन जातं.

झोल काढला, आकडे बसले, उतार जमला की मग डागाची पाळी. जुनं डांबर खरवडून काढायला जितका वेळ लागतो तितका नवं काम करायला लागत नाही. डांबराखाली ओल कोंडते आणि पत्रा आतून सडतो. वरून झाकलेला म्हणून दिसत नाही. ब्रशने, वाळूच्या कागदाने पत्रा चमकेपर्यंत घासायचा. मग मारलेलं तेजाब लावायचं. तेजाबात जस्ताचे तुकडे टाकले की ते उसळतं, वाफ निघते; उसळी थांबली आणि जस्त विरघळायचं बंद झालं की ते 'मेलं'. हे उघड्यावर करायचं, वाऱ्याची दिशा पाहून, पोराबाळांना लांब ठेवून. डाग द्यायचा खय्या कोळशात तापवायचा, नवसागरावर घासून त्याचं तोंड उजळायचं, कथील-शिशाची कांडी टेकवायची. पत्रा पुरेसा तापला असेल तर कथील पाण्यासारखं धावतं आणि सांध्यात ओढलं जातं. ते गोळा होऊन वरच बसलं तर डाग खोटा, नखाने निघेल. शेवटी स्वच्छ पाण्याने तेजाब धुवायचं. हे शेवटचं धुणं पुष्कळ जण गाळतात आणि पुढच्या वर्षी डागाच्या कडेनेच नवी भोकं पडतात.

ज्या पन्हाळीचं पाणी प्यायला साठवायचं तिथे मात्र शिशाचा डाग मी देत नाही. शिसं पोटात जाऊ नये. तिथे रिबीट आणि सीलंट, किंवा सरळ नवा तुकडा.

सांधा करताना वरच्या तुकड्याचं तोंड खालच्या तुकड्याच्या आत जायला हवं, निदान चार इंच. उलटा झाला तर पाणी सांध्यात शिरतंच. आणि लांब पन्हाळ दोन्ही टोकांना जखडायची नाही. मे महिन्यात उन्हात पत्रा हात लावू देत नाही, आणि त्यावर पहिली सर पडली की तो घटकाभरात थंड होतो. चाळीस अंशांच्या फरकाने तीस फुटांचा लोखंडी पत्रा चार मिलिमीटरच्या वर लांबतो-आखडतो. प्लास्टिकच्या पाइपचं हेच लांबणं पाचपट. पीव्हीसीचा पाइप उभा चिरून पन्हाळ करायची पद्धत अलीकडे गावोगाव आलीय. स्वस्त आहे, गंजत नाही, मला ती वाईट वाटत नाही. पण तारेने आवळून बांधला की तो उन्हात वेडावाकडा होतो आणि काही वर्षांत ठिसूळ होतो. त्याला सरकायला जागा ठेवा. याआधी बांबूच्या पन्हाळी असत. मानवेल भरीव निघतो, म्हणून त्यासाठी पोकळ कटांग घ्यायचा, दुभागायचा, आतल्या गाठी फोडायच्या.

सगळ्यात अवघड पन्हाळ वळचणीची नव्हे, दोन पाख्यांच्या मधली. घर वाढतं, मागे स्वयंपाकघर निघतं, दोन छपरं एकमेकांकडे उतरतात आणि मधे खाच राहते. तिला दोन्हीकडचं पाणी, दोन्हीकडचा पाला, आणि ती भरली तर पाणी सरळ घरात, चुलीवर. अशी पन्हाळ मी फूटभर तरी रुंद करतो, जाड पत्र्याची, दोन्ही कडा टिनाखाली वीतभर वर नेलेल्या. शक्य असेल तिथे मालकाला सांगतो की दोन छपरं भिडवूच नका. मागचं पाखं पुढच्याच उताराच्या दिशेने जरा खाली सोडा.

आणि प्रत्येक घराला पन्हाळ हवीच असं मी मानत नाही. जुन्या कुडाच्या घराची वळचण दोन-अडीच हात बाहेर आलेली असते. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात, खाली दगडांची नाली असते, पाणी वाहून जातं. अशा घराला हौसेने पन्हाळ लावली आणि ती झोलली, की सगळ्या छपराचं पाणी एकाच जागी भिंतीच्या पायाशी ओतलं जातं. त्यापेक्षा वळचण सांभाळा, नाली साफ ठेवा. पन्हाळ हवी ती आखूड वळचणीच्या टिनाच्या घराला, दोन पाख्यांच्या खाचेला, आणि जिथे पाणी साठवायचं तिथे.

साठवायची गरज किती आहे हे चिखलदरा तालुक्यात सांगावं लागू नये. एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात, कारण काळ्या दगडाच्या उतारावरून पाणी तापीकडे निघून जातं. तीस फूट लांब, बारा फूट रुंद छपरावर तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर सोळाशे लिटरच्या वर पाणी उतरतं. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं, त्यात वानरांची आणि पाखरांची घाण असते. नंतरचं टाकीत घ्यायचं. मे महिना त्याने निघत नाही, पण दिवाळीपर्यंतची बाईची पायपीट नक्की वाचते. मेळघाटातल्या शाळांची आणि सरकारी इमारतींची छपरं किती मोठी! त्यांना नीट उताराची पन्हाळ आणि एक टाकी बसवणं फार खर्चाचं नाही. हे काम व्हायला हवं.

त्या म्हातारीच्या पन्हाळीचे आकडे बदलले, मधला सडका तुकडा कापून नवा जोडला. सांध्याला हात लावला नाही. तुमच्याकडे रोहिणी लागायच्या आत एकदा शिडी लावा, पाला काढा, वरच्या टोकाला बादलीभर पाणी सोडून पाहा. आणि मिस्तरी बोलावलात तर त्याच्या पिशवीत लेव्हल नळी आहे का ते आधी विचारा.