पडद्याची सूज

५ नोव्हेंबर
पाडव्याला गुळाचे सौदे निघाले, त्यामुळे मार्केट यार्डातली पेढी सोडून यायला दादा राजी नव्हते. पण शेतकऱ्याची पट्टी लिहिताना वहीतली सरळ ओळ मधेच वाकडी दिसते म्हणाले, तेव्हा धरूनच नेलं. ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन, काढली. पडद्याच्या मधोमध, जिथं बारीक अक्षर वाचलं जातं तिथं, पाण्याच्या काळ्या पोकळ्या. डॉक्टर म्हणाले, सूज आहे. दादांचा सवाल यार्डातल्यासारखाच: "दुखत न्हाई, लाल न्हाई, मग सूज कुठली काढलासा?"
दुखणार कसं? पडद्याला वेदनेच्या नसाच नाहीत.

८ नोव्हेंबर
घरात सगळे एकच धरून बसलेत : शुगर वाढली, नस फुटली. मला हे अपुरं वाटतं. वर्षानुवर्षं चढ्या साखरेनं केशवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, आतल्या बाजूला चिकटवणारी प्रथिनं उगवतात, पांढऱ्या पेशी तिथं अडकतात. त्या तांबड्या पेशींपेक्षा मोठ्या आणि ताठर. वाट बुजते, भिंत झिजते, पाणी पाझरतं. पलीकडचा भाग प्राणवायूला मुकला की व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो. त्यानं भिंत आणखी सैल होते आणि पांढऱ्या पेशी आणखी जमतात. म्हणजे हा चक्क दाह आहे, फक्त गुपचूप चाललेला.
संशय जुनाच. संधिवातासाठी सॅलिसिलेट घेणाऱ्या मधुमेहींचे पडदे त्या मानानं बरे दिसतात, अशी नोंद १९६४ साली 'लॅन्सेट'मध्ये आली होती. पुढं अमेरिकेतल्या ३,७११ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन पाहिलं. १९९१ साली निकाल आला : पडद्याला फायदा शून्य. दाह खरा, पण म्हणून दाहाची कुठलीही गोळी चालते असं नाही. (दादांना हे आधीच सांगितलं, नाहीतर उद्या मेडिकलमध्ये उभे.)

१८ नोव्हेंबर
पहिलं इंजेक्शन. बधिर करायचे थेंब, मग आयोडीनचं तांबूस पाणी, पापण्या फाकवणारा चिमटा, सुई जाऊन आली तरी दादा "कधी देणार?" विचारतच होते. औषध व्हीईजीएफला अडवणारं. स्टेरॉइड थेट दाहावरच चालतं, पण त्यानं डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो; दादांचा दाब आधीच चढा, म्हणून ते मागं ठेवलं.
बाकावर शेजारी गडहिंग्लजकडचा पंचविशीतला पोरगा. साखर नाही, बीपी नाही, तरी डोळ्यात रक्त. ईल्स डिसीज. याला छातीचा एक्स-रे आणि टीबीची कातडीवरची चाचणी सांगितलेली, कारण आपल्या देशात या आजाराचा क्षयाशी संबंध आढळतो. बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्सनं १८८० साली असेच तरुण पाहिले. त्यांना बद्धकोष्ठ होतं, घोळणा फुटायचा, म्हणून त्यानं आजाराचा संबंध त्याच तक्रारींशी जोडला. शिरांचा दाह नंतर इतरांच्या लक्षात आला. या पोराला मात्र स्टेरॉइड हेच मुख्य औषध. एका बाकावर दोघं, दोघांच्याही रक्तवाहिन्या सुजलेल्या. एकाच्या आजाराला सरळ दाह म्हणतात, दुसऱ्याच्या नुसती शुगर.

१६ डिसेंबर
पोकळ्या आटल्यात. ओळ बरीच सरळ दिसते, पण पुढच्या महिन्यात पुन्हा सुई आहेच.
यार्डातल्या मंडळींना आज सांगून आले, इथंही लिहून ठेवते. मधुमेह कळला की लगेच, आणि मग दरवर्षी एकदा, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. सीपीआरला, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यात, नेत्रविभाग आहे. डोळा दुखायची वाट बघू नका. तो दुखणार नाही.