पाच वाइल्ड पिच

२००७च्या ऑगस्टमध्ये मी ऑनसाइटला सेंट लुईसमध्ये होतो. बेसबॉल मला तेव्हा (आणि खरं सांगायचं तर आजही) अर्धामुर्धाच कळायचा. ९ ऑगस्टच्या रात्री टीव्हीवर बुश स्टेडियममधली मॅच चालू होती. एकाने होमरन मारला आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. एका होमरनसाठी एवढं?? दुसऱ्या दिवशी टीममधल्या एका पक्क्या सेंट लुईसकराने कॉफी पिता पिता सगळी कथा सांगितली.

तो रिक अँकील. मुळात पिचर, म्हणजे आपला बोलर. २००० साली १७५ इनिंगमध्ये १९४ स्ट्राइकआउट, वय जेमतेम एकवीस. मग ३ ऑक्टोबरला, प्लेऑफमध्ये अटलांटाविरुद्ध, तिसऱ्या इनिंगला एक चेंडू भरकटला. मग दुसरा. त्या एका इनिंगमध्ये पाच वाइल्ड पिच! (वाइल्ड पिच म्हणजे वाइडचा थोरला भाऊ, कॅचरलाही न सापडणारा.) मॅच कार्डिनल्सनेच जिंकली, पण हात न विचारता जे करायचा ते त्याला येईनासं झालं. चार वर्षं झगडला, मध्ये कोपराचं ऑपरेशन. २००४ला थोडंफार जमलंसुद्धा. तरी मार्च २००५मध्ये त्याने सांगून टाकलं, पिचिंग बंद. खालच्या लीगमध्ये जाऊन बॅटर म्हणून पहिल्यापासून सुरुवात. त्या रात्रीचा होमरन याच बॅटरचा.

माझी कॉफी गार झाली होती. सहा महिन्यांपूर्वी पुण्यात, रात्री दोन वाजता, मी प्रॉडक्शनवर 'व्हेअर' न लिहिता 'डिलीट' चालवलं होतं. सकाळपर्यंत बॅकअपवरून सगळं परत आलं, कोणी ओरडलंही नाही. पण तेव्हापासून एंटरवर बोट अडायचं. साधी क्वेरी सहा सहा वेळा वाचायची. टेस्टिंगला जावं असं मनात यायचं, पण ते पळून जाणं वाटायचं. हे घरीसुद्धा बोललो नव्हतो.

अँकीलची गोष्ट तशी अगदी स्वच्छ नाही. सप्टेंबरमध्येच बातमी आली की २००४ साली त्याने ग्रोथ हार्मोन मागवलं होतं. बेसबॉलमध्ये तेव्हा त्यावर बंदी नव्हती, कारवाई झाली नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढे तो २०१३पर्यंत खेळला, एकूण ७६ होमरन. असो.

डिसेंबरमध्ये मॅनेजरला मेल लिहिला, मला टेस्टिंगला टाका. मेल पाच ओळींचा. सेंड दाबायला पाऊण तास लागला.