मागच्या सीटवरचा धूर

सिडकोत शाळा सुटली की रिक्षांची रांग लागते. दोन्ही बाजूंना दप्तरं लटकलेली, आत पोरं दाटीवाटीने बसलेली, आणि एखाद्या चालकाच्या बोटांत बिडी. या बिडीला कायदा आहे. २००३चा तंबाखू नियंत्रण कायदा प्रवासी वाहनाला सार्वजनिक जागा मानतो. दंड दोनशे रुपयांपर्यंत. तो कुणी भरल्याचं ऐकिवात नाही, ते सोडा. पण मागच्या कारमध्ये काचा वर, एसी चालू, बाप झुरके मारतोय आणि मागे लेक नाकाला रुमाल लावून बसलीय, तर तो धूर खासगी!

आणि धूर गांजाचा असेल तर? १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा ओढणंही गुन्हाच. बाळगल्याची शिक्षा वजनावर ठरते: एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोंच्या वर व्यावसायिक. या तराजूत लेकरू कुठेच बसत नाही. झुरका ओसाड माळावर मारला काय नि पोर शेजारी बसवून मारला काय, ओढल्याचं कलम तेच. बाल न्याय कायदा मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतो. पण बंद गाडीत श्वासातून गेला, तर तो 'दिला' म्हणायचा का? वकिली करणारा मित्र म्हणाला, "क्रूरतेचं कलम ताणून बसवता येईल. पण आधी कुणी काच तर खाली करायला लावू दे." नाकाबंदीत फुंकायचं यंत्र दारू पकडतं, गांजा नाही.

गंमत अशी, की कॅनडाने २०१८ साली गांजाला मुभा दिली आणि तिथल्या प्रांतांना कुठे ओढायचा, कुठे नाही, हे ठरवत बसावं लागलं. इंग्लंडमध्ये सिगारेट खुली. म्हणूनच २०१५पासून अठराच्या आतलं मूल गाडीत असेल तर ती पेटवायची नाही, असा नियम झाला. आपल्याकडे गांजा सरसकट बंद, त्यामुळे 'कुणासमोर?' हा प्रश्नच उरला नाही. शहरात नशेची चर्चा होते ती 'बटन' गोळ्यांची आणि त्या खाणाऱ्या पोरांची. बापाच्या गाडीची होत नाही.

बापाला तुरुंगात धाडा, असं मी म्हणणार नाही. त्याची झळ पुन्हा लेकरालाच. पण मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने चौदाच्या आतल्या मुलाला गाडीत पट्टा बांधला नाही, तर चालकाला हजार रुपये दंड ठेवला आहेच. त्याच्या खाली धुराची एक ओळ घालायला काय जातं? खासगी गाडीत कायदा कसा शिरणार, असं म्हणायची सोय तर त्या पट्ट्यानेच संपवली.