धुराडी आणि मनोरे

इंग्लंडच्या वायव्येस, रिबल नदीच्या काठी प्रेस्टन नावाचे शहर आहे. या नावाचा मूळ अर्थ ‘धर्मगुरूंचे गाव’. नगरचिन्हावर देवाचे कोकरू बसलेले असून त्यावर ‘पी पी’ ही अक्षरे आहेत. ‘शांतीचा राजा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे मानतात. मात्र गेल्या दोनशे वर्षांत या गावाची ख्याती झाली ती सुतामुळे. इतिहासाच्या पुस्तकात लँकेशायर म्हणून आपण जो वाचला, ज्याच्या कापडाने आपल्या विणकराचा माग थंडावला, त्या प्रदेशातले हे एक अग्रगण्य गिरणगाव.

मुलीच्या नोकरीच्या निमित्ताने त्या भागात काही आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा मी तेथील गिरण्यांच्या खुणा पाहत हिंडलो. माझे वडील वसईहून पहाटेच्या गाडीने लालबागच्या एका गिरणीत साच्यावर जात. धोट्याला तोंड लावून सूत ओढून घेण्याची जी रीत ते सांगत, तीच लँकेशायरच्या विणकरांचीही होती. दात किडले तरी ती सुटत नसे. तेव्हा परक्या देशातल्या या भिंती मला अगदीच परक्या वाटल्या नाहीत, हे वाचकांनी समजून घ्यावे.

पहिली खूण म्हणजे एक जुने घर. स्टोनीगेट भागातील या घरात १७६८ साली रिचर्ड आर्कराइट याने जॉन के नावाच्या घड्याळजीच्या साहाय्याने आपले सूतकताईचे यंत्र सिद्ध केले. ताण्याला पुरेल असे भक्कम कापसाचे सूत त्यातून निघू लागले आणि हिंदुस्थानी सुती कापडाशी बरोबरी करण्याचे बळ इंग्रज कारखानदारांना लाभले. पुढे १७९१ मध्ये जॉन हॉरॉक्स प्रेस्टनला आला आणि त्याची ‘पिवळी गिरणी’ उभी राहिली. त्याचे कापड ईस्ट इंडिया कंपनीमार्फत आपल्याच बाजारात येत असे. ती पिवळी गिरणी आज नाही. तिच्या शतकाची आठवण म्हणून बांधलेली सेंटेनरी मिल न्यू हॉल लेनवर उभी आहे, पण आत आता सदनिका आहेत. १९०५ च्या टल्केथ मिलमधली कताई १९६८ साली थांबली आणि मग तेथे कार्यालये आली. लाल विटांच्या या इमारती पाहायला देखण्या आहेत. मात्र कामगार कोठे गेला, या प्रश्नाचे उत्तर त्या देत नाहीत.

ते उत्तर थोडे ल्यून स्ट्रीटवर मिळते. १३ ऑगस्ट १८४२ रोजी मजुरीकपातीविरुद्ध निघालेल्या कामगारांच्या जमावावर तेथे सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि चार जण प्राणास मुकले. त्यांतला बर्नार्ड मॅकनमारा हा अवघ्या १७ वर्षांचा होता. आडनावावरून घराणे आयर्लंडचे असावे. दीडशे वर्षांनी, १९९२ साली, त्या जागी स्मारक उभारले गेले. दगडी माणसे दगडी बंदुकांसमोर हात पसरून उभी आहेत. बाजारहाट करून आलेली मंडळी शेजारून निवांत जातात.

पण मला सर्वांत मोठी खूण वाटली ती गिरणीची नव्हे, चर्चची. प्रेस्टनच्या कोणत्याही रस्त्याने जा, संत वॉल्बर्गाच्या देवालयाचा मनोरा डोळ्यांसमोर येतो. उंची ३०९ फूट. इंग्लंडातील कोणत्याही पॅरिश चर्चचा मनोरा याहून उंच नाही. धर्मसुधारणेनंतरच्या छळाच्या काळातही लँकेशायरमध्ये जुन्या कॅथलिक घराण्यांनी श्रद्धा टिकवली होती. त्यात आयर्लंडमधील दुष्काळाने हुसकावलेली कुटुंबे येऊन मिळाली. या गिरणीकामगारांसाठी येशूसंघीय धर्मगुरूंनी १८५० मध्ये चर्चची कोनशिला बसवली. वास्तुविशारद होते जोसेफ हॅन्सम, घोडागाडीच्या ‘हॅन्सम कॅब’मुळे ज्यांचे नाव लोकांना ठाऊक झाले तेच.

आता साले लक्षात घ्या. १८५३ च्या शरद ऋतूत प्रेस्टनच्या कामगारांनी दहा टक्के मजुरीवाढ मागितली, म्हणून मालकांनी गिरण्यांना टाळे ठोकले. अठरा-वीस हजार माणसे कित्येक महिने बेकार होती. चार्ल्स डिकन्स जानेवारी १८५४ मध्ये हे पाहायला आला होता आणि त्याच वर्षी त्याची ‘हार्ड टाइम्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. वसंत ऋतूत उपासमारीने संप मोडला, कामगार जुन्याच मजुरीवर परतले. आणि त्याच वर्षी, ३ ऑगस्ट १८५४ रोजी, संत वॉल्बर्गाचे चर्च उपासनेसाठी खुले झाले! ज्या घरांत चूल पेटण्याची पंचाईत होती, त्याच घरांच्या वस्तीत हे लाकडी छताचे प्रचंड मंदिर पुरे होत होते. मनोरा पूर्ण होण्यास आणखी बारा-तेरा वर्षे गेली. एवढा खर्च दगडांवर का, भुकेल्यांच्या भाकरीवर का नाही, असा प्रश्न एखादा सुज्ञ वाचक विचारील. मलाही तो पडला. परंतु आठवडाभर साच्याच्या खडखडाटात ज्यांना शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नसे, त्यांना रविवारी मान वर करून उभे राहण्यास एक जागा हवी होती, असे मला वाटते. १९८२ च्या संपात आमच्या घरात पैसा नसतानाही आईने चर्चच्या सणाची वर्गणी चुकवली नव्हती. वडील कुरकुरले, पण थांबवले नाही. त्यांच्या हिशेबाची रक्कम गिरणीकडून हाती पडायला पुढे कित्येक वर्षे लागली.

प्रेस्टनची दुसरी खूण तर हिरवी आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडचा कापूस अडला आणि लँकेशायरमध्ये ‘कापसाचा दुष्काळ’ पडला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्या चार वर्षांत अमाप पैसा केला आणि १८६५ साली युद्ध संपताच तो गमावला, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. खानदेश-वऱ्हाडचा, गुजरातचा कापूस तिकडे सरसकट ‘सुरत’ या नावाने जाई. तो आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला. सूत क्षणोक्षणी तुटे, काम कमी होई आणि नगावर मजुरी असल्याने पगारही घटे. देवा, कापूस पाठव, पण सुरतचा नको, अशी प्रार्थना तिकडे होत असे म्हणतात. निकृष्ट वस्तूला ‘सुरत’ म्हणण्याची रीतही पडली. आपल्या शेतकऱ्याने घाम गाळून पिकवलेल्या मालाची ही किंमत! पण त्या तुटक्या धाग्यापाशी उभ्या असलेल्या बाईचा तरी त्यात काय दोष? बेकारांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारी कर्जातून नगराने बागा घडवल्या. ॲव्हनम आणि मिलर ही नदीकाठची उद्याने त्या वेळची. सूत धरणाऱ्या मऊ बोटांनी तेव्हा फावडी उचलली. आज त्या उतारांवर मुले लोळण घेतात.

ज्यांच्या देशाचा कापूस नावडता ठरला होता, त्यांची माणसे पुढच्या शतकात याच गावात कामाला आली. रेड स्कार येथील कृत्रिम रेशमाच्या कारखान्यात हिंदी, पाकिस्तानी आणि वेस्ट इंडियन कामगारांनी कामाचा बोजा वाढवल्याबद्दल १९६५ साली संप केला. गोऱ्या सोबत्यांची साथ त्यांना मिळाली नाही. कारखाना १९८० मध्ये बंद झाला. त्याची उत्तुंग धुराडीही आता नाहीत.

चर्चेसवरही ही वेळ आलीच. भाविक घटले. संत वॉल्बर्गाच्या चर्चचे भवितव्य धोक्यात आले होते. २०१४ पासून एका धर्मसंस्थेचे धर्मगुरू तेथे लॅटिन मिस्सा अर्पण करतात. गावातील संत इग्नेशियसचे चर्च त्याच वर्षाच्या अखेरीस बंद झाले. पण पुढल्याच वर्षी लँकॅस्टरच्या बिशपमहोदयांनी ते सिरो-मलबार कॅथलिकांच्या हाती दिले आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या समाजासाठी ग्रेट ब्रिटनचा धर्मप्रांत स्थापन केल्यावर ते त्याचे कॅथेड्रल झाले. नाव ठेवले संत अल्फोन्सा, केरळची कन्या.

एका रविवारी मी तेथे मिस्साला गेलो. मल्याळम भाषा मला कळत नाही, पण गुडघे टेकण्याच्या जागा कळतात. बाकांवर बहुतेक तरुण कुटुंबे. मिस्सा संपताच एक मुलगी घाईघाईने कोट चढवून बाहेर पडू लागली. रुग्णालयात तिची ‘शिफ्ट’ दोनला सुरू होणार होती. आमच्या घरी त्याला ‘पाळी’ म्हणत. मी तिला दार उघडून धरले आणि ती पाऊस चुकवत बसथांब्याकडे धावली.