एक यार्ड अलीकडे

१६ डिसेंबर २००७. अमेरिकन फुटबॉलचा सामना. डॅलस काउबॉइजच्या घरच्या मैदानावर फिलाडेल्फिया ईगल्स १०-६ ने पुढे होते आणि सामना संपायला दोनेक मिनिटं उरली होती. ईगल्सचा रनिंग बॅक ब्रायन वेस्टब्रुक चेंडू छातीशी धरून बचावफळीतून निसटला. समोर मोकळं रान. आणि एंड झोन एका यार्डावर असताना तो आपणहून खाली बसला. टचडाउन केलंच नाही.

केलं असतं तर आघाडी वाढली असती, पण चेंडू पुन्हा काउबॉइजच्या हाती गेला असता. त्यांचे टाइमआउट संपले होते, म्हणजे घड्याळ थांबवायची सोय त्यांच्याकडे नव्हती. चेंडू ईगल्सकडेच राहिल्यामुळे क्वार्टरबॅक डॉनव्हन मॅकनॅबने गुडघा टेकत टेकत उरलेला वेळ संपवला. तोवर तेरापैकी बारा सामने जिंकलेला संघ आपल्याच घरी हरला. वेस्टब्रुकला ही गोष्ट आधी बजावली होती जॉन रन्यानने. रन्यान लाइनमन, म्हणजे दुसऱ्याला वाट मिळावी म्हणून धडका घेणारा गडी.

आता हाच क्षण फँटसी फुटबॉल खेळणाऱ्याच्या बाजूने बघा. क्रिकेटमुळे हा खेळ आपल्याला ओळखीचा आहे: खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ उभा करायचा, ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. अमेरिकन फुटबॉलमध्ये त्याची सुरुवात १९६२ सालची. ओकलंड रेडर्सचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी संघाच्या दौऱ्यात न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून सोबत्यांसह त्याचे नियम बांधले. आज बहुतेक लीगमध्ये दहा यार्ड धावलं की एक गुण आणि टचडाउनला सहा. डिसेंबरचा मध्य म्हणजे या लीगच्या बाद फेऱ्यांचे दिवस. धावून आणि झेलून मिळवलेले यार्ड एकत्र धरले तर त्या मोसमात अख्ख्या एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, वेस्टब्रुकच पहिला होता. त्याच्या जिवावर बाद फेरी गाठलेल्या कितीतरी लोकांचे सहा गुण त्या एका यार्डावर राहून गेले. तो सल त्यांच्यातले काही अजून बोलून दाखवतात, आणि मला तो खोटा वाटत नाही.

फँटसीमुळे खेळ नासला असं म्हणणाऱ्यांत मी नाही. मी स्वतः मित्रमंडळींच्या लीगमध्ये खेळते. ज्या दोन संघांशी माझा काडीचा संबंध नाही, त्यांचा सामना मी शेवटच्या मिनिटापर्यंत जीव लावून बघते ते त्यामुळेच. तिसऱ्या क्रमांकाचा रिसीव्हर कुठून धावतो, दुखऱ्या पायाने कोण किती वेळ मैदानात टिकतो, हे बघायला मला याच खेळाने शिकवलं. मात्र गुणांच्या तक्त्यात रन्यानला रकाना नाही. लाइनमनला कोणी आपल्या संघात घेत नाही. म्हणजे त्या संध्याकाळचा सर्वांत शहाणा विचार ज्याच्या डोक्यात आला तो तक्त्याच्या बाहेर, आणि ज्याने तो अमलात आणला त्याच्या नावापुढे टचडाउनचं शून्य.

थांबण्यालाही गुण द्यावेत, असं मला बरेच दिवस मनापासून वाटत होतं. पण मग २५ ऑक्टोबर २०२० चा अटलांटा फाल्कन्सचा डेट्रॉइट लायन्सविरुद्धचा सामना आठवतो. फाल्कन्स दोन गुणांनी मागे, मिनिटभराचा खेळ बाकी. त्यांचा रनिंग बॅक टॉड गर्लीने एंड झोनच्या रेषेच्या अलीकडेच थांबायचं, घड्याळ चालू द्यायचं आणि शेवटी किक मारून जिंकायचं, असा बेत होता. गर्लीने अंग आखडलं, पडता पडता सावरायला बघितलं, पण वेगच इतका होता की तो आत जाऊन पडला. टचडाउन झालं. उरलेल्या वेळात लायन्स मैदानभर चाल करून आले, अगदी शेवटच्या खेळीवर त्यांनी बरोबरी साधली आणि अतिरिक्त गुणाच्या किकवर २३-२२ असे जिंकले. गर्लीला संघात घेतलेल्यांना मात्र सहा गुण मिळाले.

त्याला थांबायचं होतं, हे टीव्हीवर बघणाऱ्या प्रत्येकाला दिसलं. त्या इच्छेचे गुण कोण देणार, आणि किती? आमच्या लीगमध्ये यावर दर मोसमात वाद होतो. मी अजूनही वेस्टब्रुकच्या बाजूने बोलते, आणि कोणीतरी लगेच गर्लीचं नाव काढतं.