अस्थींचा हिशेब

आपल्या मराठी भाषेनें हाडाला मोठा मान दिला आहे. जातिवंत शिक्षकास आपण हाडाचा शिक्षक म्हणतों, संसारासाठीं झिजणाऱ्या माउलीनें हाडांचीं काडें केलीं असें सांगतों. परंतु प्रत्यक्ष हाड दृष्टीस पडलें कीं सोवळें-ओवळें आडवें येतें. आमचा पुतण्या अभियांत्रिकीची पदवी घेऊन एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत हाडांच्या बळाचा अभ्यास करूं लागला, तेव्हां याचा अनुभव आम्हांस घरबसल्या आला. डोंबिवलीहून सकाळच्या धिम्या लोकलनें निघणारा हा मुलगा वाटेंत खाटकाकडून बोकडाच्या मांडीचीं हाडें विकत घेतो, ही वार्ता वहिनींच्या कानीं गेली मात्र, त्या दिवसापासून त्याची पिशवी दाराबाहेरच्या खुंटीवर राहूं लागली आणि स्नानावांचून त्यास चहाहि मिळेनासा झाला.

त्या हाडांचें तो काय करतो, हें त्याच्याच तोंडून ऐकण्यासारखें आहे. हाड वाळूं नये म्हणून तें मिठाच्या पाण्यानें ओलें ठेवतात, कारण वाळलेलें हाड ताठर परंतु ठिसूळ होतें व त्याची परीक्षा खोटी ठरते. मग टोकें लगद्यांत घट्ट रोवून यंत्राच्या जबड्यांत धरतात व तें मोडेपर्यंत भार वाढवीत नेतात. दाब सोसण्यांत हाड मोठें बळकट, ताण सोसण्यांत त्याहून उणें, आणि पीळ पडला कीं अधिकच दुबळें. घसरतांना पाय मुरगळून पडणारी वृद्धा उभ्या भारानें मोडत नाहीं, आडव्या-तिडव्या आघातानें मोडते.

हाड म्हणजे दगड नव्हे. त्यांत कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या क्षारांचे सूक्ष्म कण असून ते कोलॅजेन नांवाच्या चिवट धाग्यांशीं बांधलेले असतात. कणांनीं काठिण्य येतें, धाग्यांनीं चिवटपणा. बारीकसें हाड पुष्कळ दिवस शिरक्यांत बुडवून ठेवलें तर क्षार विरघळून तें रबरासारखें वांकतें. उलट विस्तवांत घातलें तर धागे जळतात आणि क्षार तेवढे उरतात. ज्यांनीं अस्थिसंचयनाच्या दिवशीं स्मशानांत वांकून आपल्या वडीलधाऱ्यांच्या अस्थि वेंचल्या आहेत, त्यांना त्या बोटांत खडूसारख्या चुरतात हें ठाऊक आहे. ज्या मांडीनें सत्तर वर्षें देहाचा भार वाहिला, ज्या मांडीवर आम्ही लहानपणीं निजलों, ती अशी कशी झाली, हा प्रश्न आमच्या वडिलांच्या वेळीं मनांत आला होता. पण तिसऱ्या दिवशीं तो विचारावयाचा कोणास? उत्तर वीस वर्षांनीं पुतण्याकडून मिळालें.

या शास्त्राच्या मुळाशीं असलेलीं माणसें मौजेचीं आहेत. प्राणी मोठा असेल तर त्याचें हाड नुसतें प्रमाणांत वाढवून भागत नाहीं, तें अधिक जाड लागतें, हें गॅलिलिओनें १६३८ सालच्या ग्रंथांत दाखविलें. पुढें १८६६ च्या सुमारास झुरिक येथें मायर नांवाचे शरीरशास्त्रज्ञ मांडीचें हाड उभें चिरून आंतील जाळी लोकांस दाखवीत होते. पुलांच्या बांधकामाचें गणित शिकविणारे कुलमान यांच्या ती दृष्टीस पडली. क्रेनच्या वांकड्या बाहूंत ताण व दाब ज्या रेषांनीं वाहतात, तशाच रेषा त्यांना त्या जाळींत दिसल्या. बर्लिनचे शल्यविशारद वुल्फ यांनीं १८९२ सालीं यावर नियमच बांधला: भार बदलला कीं हाडाची घडणहि बदलते. अंतराळांत महिनोन् महिने राहणाऱ्या यात्रिकांच्या खुब्याचें हाड दरमहा शेंकडा एक ते दीड इतकें घटतें, तें याच नियमानें. हें ऐकून आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे सुनेला कामाला जुंपणारी सासू तिची हितकर्तीच म्हणावयाची!"

आपल्याजवळ, पवईच्या आय. आय. टी. मध्यें, प्रा. बी. रवि यांनीं २००७ सालीं 'ऑर्थोकॅड' नांवाचें कार्य उभें केलें. हाडाच्या कर्करोगांत गुडघ्याजवळचा भाग कापून काढावा लागतो. तेथें बसवावयाचा धातूचा सांधा परदेशांतून न आणतां येथेंच घडावा, हा त्यांतील एक हेतु होता.

तथापि बोकडाचें हाड तें बोकडाचें. दोन पायांवर चालणाऱ्या, ऐंशीव्या वर्षीं न्हाणीघरांत पडणाऱ्या मनुष्याचें हाड पारखावयाचें तर मनुष्याचेंच लागतें. आणि तें देणार कोण? सुश्रुतानें प्रेत पिंजऱ्यांत घालून वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवावें व मग एकेक थर खरवडून पाहावा असें सांगितलें आहे. तें प्रेत कोणाचें असावें हें तो सांगत नाहीं. १९८५ सालीं बंदी होईपर्यंत आपल्या देशांतून, मुख्यत्वें कलकत्त्याहून, मनुष्यांचे सांगाडे जगभर विकले जात होते. १९४९ च्या मुंबई शरीररचना कायद्यानें बेवारस प्रेतें वैद्यकीय शाळांना देण्याची सोय झाली. म्हणजे ज्यांच्या नांवानें पाणी सोडावयास कोणी नव्हतें, त्यांच्या देहांवर आपले डॉक्टर शिकले. आपण सुखवस्तु घरांतील माणसें या ज्ञानाचें फळ घेत आलों. देण्याची पाळी आपल्यावर आली नाहीं.

ही पाळी आमच्या घरांत आत्याबाईंनीं आणली. त्या निवृत्त शिक्षिका, निपुत्रिक, आणि आमच्या एकत्र कुटुंबांत सर्वांच्या वडील. २०१७ सालच्या श्रावणांत त्या पडल्या व खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न: "काढलेल्या हाडाचें काय करतात?" काढलेलें खुब्याचें डोकें संमति असल्यास दुसऱ्याच्या उपयोगीं पडूं शकतें, मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयांत १९८८ पासून अशी ऊतिपेढी आहे व तेथें हाडें गामा किरणांनीं निर्जंतुक करून देतात, हें पुतण्यानें सांगितलें. त्या म्हणाल्या, "मग एवढेंच कशाला? सगळेंच देऊं." डोंबिवलींत दधीचि देहदान मंडळ आहेच, अर्ज घरीं आला.

दादांनीं त्यास हात लावला नाहीं. त्यांचा राग अज्ञानाचा नव्हता. "आत्याबाई, तुमच्या अस्थि मीं रामकुंडांत सोडावयाच्या नाहींत, तर मुलगा म्हणून मला वाढविलें कशाला?" असें ते म्हणाले, तेव्हां आत्याबाईंनाहि उत्तर सुचलें नाहीं. आणि नातलगांनीं ऐनवेळीं नकार दिला तर असल्या अर्जाचा कागद कागदच राहतो.

वाट गुरुजींनीं दाखविली. देह हातीं नसेल तर पळसाच्या ३६० देठांची आकृति करून तिचें दहन करावें, असा विधि आहे. डोक्यास ४०, मानेस १० अशी वांटणीहि ठरलेली. ३६० हा आंकडा अस्थींचा. चरकानें तेवढींच हाडें मोजलीं आहेत. सुश्रुत मात्र वेदवादी ३६० म्हणतात, शल्यशास्त्र ३०० मानतें असें सांगून मोकळा होतो. आजची गणना २०६. हा विधि दूरदेशीं मेलेल्यांसाठीं. जाणूनबुजून दिलेल्या देहास तो लावावा कीं नाहीं, याविषयीं गुरुजी आठ दिवस साशंक होते. शेवटीं म्हणाले, देह हातीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. त्या संध्याकाळीं दादांनीं सही केली.

२०२३ च्या माघांत आत्याबाई गेल्या. पहांटे चार वाजतां मंडळाला दूरध्वनि दादांनींच केला. वेळ दवडून चालत नाहीं, हें त्यांनीं अर्जावर वाचून ठेवलें होतें. वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी येईपर्यंत ते आत्याबाईंच्या पायांशीं बसून होते, आणि पावती मिळाल्यावर ती त्यांनीं देवघरांतील पंचांगांत घातली. पळसाचे देठ मुरबाडकडील एका परिचितानें आणून दिले. गुरुजी मोजूं लागले. शेजारीं पुतण्याहि मोजीत होता, आणि दोघांचा हिशेब दोनदां चुकला.

वहिनींनीं गेल्या पाडव्याला स्वतःचा अर्ज भरला आहे. त्यावर नातलगाच्या सहीची जागा अद्याप रिकामी आहे. दादा "बघूं" म्हणतात.