हसणाऱ्यांचे दात

१९५०च्या आसपास सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात एखादा तरुण उघड्या डोक्यानं आला, तर म्हातारी माणसं आधी त्याच्या घरी कोण गेलं याची चौकशी करत. त्यात चेष्टा नसे, काळजी असे. माणदेशात पुरुषाचं डोकं उघडं राहायचं ते सुतकात. एरवी पटका, फेटा, अगदीच काही नाही तर टोपी. वडीलधाऱ्यापुढे बोडक्यानं उभं राहणं हा तर सरळ उर्मटपणा. मग पुण्या-सोलापूरला शिकायला गेलेली पोरं सुट्टीला परतू लागली, ती केसांना तेल चोपडून, कपाळावर फुगा काढून. टोपी खिशात असे. एसटी गावाजवळ आली की ती डोक्यावर चढे, गाव मागे पडलं की पुन्हा खिशात जाई.

या टोपीपाशी थांबलं की एक पाठ झालेली गोष्ट बिघडायला लागते. चाळीसच्या दशकात धोतर, पन्नासच्या दशकात पायजमा, साठच्या दशकात पँट, सत्तरच्या दशकात बेलबॉटम; कापड बदललं तशी पोरं मोकळी होत गेली, अशी ती गोष्ट. पण गांधी टोपी मुळात म्हाताऱ्यांची नव्हतीच. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, तेव्हा खादी मिरवणं म्हणजे सरकारच्या डोळ्यावर येणं होतं. त्याच आंदोलनापायी १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. त्यातला कुर्बान हुसेन तर जेमतेम विशीचा. त्या काळच्या कित्येक पोरांनी बापाचं पागोटं बाजूला ठेवून टोपी घातली होती आणि बाप रागावले होते. तीसएक वर्षांनी याच पोरांच्या पोरांनी टोपी काढली, तेव्हा हे स्वतः रागावले. आता यातलं धाडस कुणाचं मोठं? एकाला लाठीची भीती होती, दुसऱ्याला फार तर जेवताना ऐकून घ्यावं लागे. तरीही स्वातंत्र्याचा आलेख काढायला बसलं की उघड्या डोक्याचा पोरगा पुढे दिसतो आणि टोपीवाला मागे. हे काही केल्या पटत नाही.

गावात पोशाखावर कायदा नव्हता. पंचांनी कुणाची पँट उतरवली असं ऐकिवात नाही. पोशाख आवरून धरायला गावाकडे एकच हत्यार होतं, हसणं. आणि हसण्यावर मराठीनं उतारा म्हणून एक म्हण देऊन ठेवली आहे: हसतील त्याचे दात दिसतील.

ही म्हण वरवर बेफिकीर वाटते. पण ती म्हणतं कोण? ज्याला हसतात तो सहसा म्हणत नाही, त्याच्या कानाच्या पाळ्या तेव्हा तापलेल्या असतात. म्हणते ती आई, आजी, फार तर थोरली बहीण. म्हणजे समजूत काढणारीनं ते हसू आधी ऐकलेलं असतं, मोजलेलंही असतं. शिवाय म्हण हसणाऱ्याला चूक ठरवत नाही. तो का हसला, हसावं का, याबद्दल तिला काही म्हणायचं नाही. ती एवढंच सांगते, की हसताना त्याचं तोंड उघडतं आणि आतलं दिसतं. हा दिलासा तरी कसला? तू उघडा पडलास, पण तोही थोडा उघडा पडला, एवढाच.

आणि दिसणारे दात होते कसे? इथे विषय सोडून थोडं दातांकडे वळायला हरकत नाही, कारण तरुणांच्या फॅशनच्या चर्चेत दातांचं नाव कुणी काढत नाही.

जुन्या मराठी घरांत लग्न झालेल्या बाईचे दात काळे असणं ही शोभा होती. दातवण लावून ते मुद्दाम काळे केले जात. काळ्या दातांत सौंदर्य पाहणारे आपण एकटेच नव्हतो, जपानमध्येही एकोणिसाव्या शतकापर्यंत हीच रीत होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर दातवण ओसरत चाललं होतं, पण मिश्री होती. तंबाखू तव्यावर जाळून, कुटून केलेली काळी पूड, डाव्या तळहातावर घ्यायची आणि बोटानं दातांवर घासत बसायचं. सांगोल्यापासून आटपाडीपर्यंत पहाटे परसात, उंबऱ्यावर, चुलीपुढे बायका मिश्री लावत बसत. शाळेत जाऊ लागलेल्या पोरींनी तिच्याऐवजी दुकानातलं दंतमंजन घेतलं. गंमत अशी, की त्यातलं लोकांच्या ओळखीचं माकडछाप मंजनही काळंच होतं. फक्त ते दात काळे ठेवत नसे.

एखादी पोरगी एके सकाळी सासूनं पुढे केलेली मिश्री नको म्हणते, हा केवढा मोठा बदल आहे! त्याची नोंद मात्र कुठेच नाही. त्या काळच्या स्टुडिओतल्या फोटोंत सगळ्यांची तोंडं मिटलेली. फोटो काढताना हसायचं नाही, हा रिवाज. पदर दिसतो, चोळी दिसते, नथ दिसते, पण दात एकाचेही दिसत नाहीत. पुरुषांचेही नाहीत. एरवी बरा पैसा हाती आलेला गडी पुढच्या दाताला सोनं मढवून घेई. सोन्याचं नाव निघालंच आहे, तर माणदेशातली, त्यातही विटा-खानापूर-आटपाडीकडची पोरं मिसरूड फुटण्याआधी गलाईच्या धंद्यात केरळपासून पंजाबपर्यंत पांगली. सोनं-चांदी गाळत ती परमुलखात वाढली, तिथल्या भाषा बोलू लागली आणि जत्रेला परतली. त्यांच्याइतकं घरापासून लांब आणि स्वतःच्या कमाईवर राहणारं तरुणपण त्या काळी कॉलेजच्या पोरांनाही मिळालेलं नव्हतं. मात्र गावात पाऊल टाकताना यातल्या कित्येकांनी पुन्हा पटका बांधला. या पोरांना मागासलेलं म्हणायचं की पुढारलेलं?

आणि मिश्रीचं तरी काय? ती वाईट, यात वाद नाही. तिच्यात तंबाखू आहे, तिचं व्यसन लागतं, तोंडाचा कर्करोग होतो. पण दिवसभरात मिश्री लावणाऱ्या बाईच्या वाट्याला येणारी बसायची जागा तीच होती. मिश्री लावताना तोंडात थुंकी, म्हणून हाकेला ओ देणं भाग नाही. सासऱ्यानं हाक मारली तरी ती हातानं ‘थांबा’ म्हणू शकत असे. मंजन लावणारी सून दोन मिनिटांत तोंड धुऊन कामाला लागते. तिचे दात पांढरे झाले, पण ती बसायची जागा गेली. हा हिशेब जमेला धरायचा की खर्चाला, हे अजून उलगडत नाही.

परत कापडाकडे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून कापडावर नियंत्रण आलं. सोलापुरात १८७७ पासून गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि त्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत सदऱ्याच्या कापडासाठी रांग लागत होती. तेव्हाचं तरुणपण मांजरपाटात गेलं, तिथे कसली आली निवड? साठच्या दशकात टेरिलीन आलं, त्याच्या मागोमाग टेरिकॉट. रात्री धुवावं, सकाळी घालावं, इस्त्रीचा प्रश्न नाही. पाण्याची टंचाई असलेल्या मुलखाला हे कापड देवानंच धाडलंय असं वाटावं, पण त्याच मुलखात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि टेरिलीनच्या आत माणूस उकडून निघतो. पोरं उकडून घेत होती. शिंप्यानं एकदा नळीसारखी तंग पँट शिवायला शिकून घेतली, तोवर पुन्हा पायाशी घेर मागणारी गिऱ्हाइकं दारात उभी राहिली.

पण त्या पँटचे पैसे कुणाचे होते? इंग्लंडमध्ये पन्नासच्या दशकात लांब कोट आणि जाड तळाचे बूट घालून फिरणारे टेडी बॉईज कारखान्यात कमावत आणि ते अंगावर उडवत. सांगोल्यातल्या पोराकडे स्वतःचा पैसा नव्हता. शेत बापाच्या नावावर, बैलांचा सौदा बापाच्या हातात. त्याला पहिला सूट मिळाला तो लग्नात, सासऱ्याकडून. पहिलं घड्याळ, पहिली सायकल, पुढे ट्रान्झिस्टर, हे सगळं बैठकीत ठरून आलेलं. एचएमटीची घड्याळं बनायला लागली ती १९६१ साली. हुंडाबंदीचा कायदाही १९६१ सालचाच. खेड्यात यातलं काय आधी पोचलं, ते सांगायला नको. तरुणांची आधुनिकता म्हणून जी मिरवली गेली, तिच्यातला बराचसा भाग मुलीच्या बापानं कर्ज काढून विकत घेतलेला होता. साठच्या दशकावर प्रेमानं लिहिणारे हे सहसा लिहीत नाहीत.

मुलींच्या बाबतीत तर तरुणपण नावाचा काळच सापडत नाही. परकर-पोलकं सुटलं की लुगडं, मधे काही नाही. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं, १९४९ मध्ये ते पंधरा झालं आणि अठरा व्हायला १९७८ साल उजाडलं. फॅशनला वय लागतं. पंधराव्या वर्षी सासरी गेलेल्या पोरीनं नवं काय नेसायचं, हे सासूच ठरवणार. या चौकटीतून पहिल्यांदा निसटली ती प्राथमिक शाळेवरची बाई. ट्रेनिंग झालेली, सहावारी गोल साडी नेसलेली, हातात छत्री आणि मनगटावर स्वतःच्या पगारातलं घड्याळ. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, शाळा वाढल्या आणि एसटीतून एकटी उतरणारी अशी बाई आडगावीही दिसू लागली. तिलाही गाव हसलंच. पण तिच्या साडीचे पैसे तिचेच होते आणि त्या सगळ्या दशकांत हे फार थोड्यांना म्हणता आलं असतं.

सहावारीचं कौतुक करतानाही पाय अडखळतो, शब्दशः. नऊवारीचा काष्टा घातलेली बाई झाडावर चढते, विहिरीत उतरते, वाफ्यात पाणी धरते. सहावारीत पाऊल आखूड पडतं. मोकळेपणाची खूण म्हणून जे नेसलं गेलं, त्यानं पायांना कमी मोकळं ठेवलं.

मग १९७२ चा दुष्काळ आला. खायला मिलो ज्वारी आणि सुकडी, कामाला खडी फोडणं, पाझर तलाव. वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी उभी राहिली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती आणि त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. हजेरीपटावर कित्येकींचं नाव पहिल्यांदा लागलं आणि मजुरी त्यांच्या हाताला लागली. अंगावर होती जुनी, दंड घातलेली नऊवारी. त्याच १९७३ मध्ये ‘बॉबी’ आला आणि शहरांतल्या पोरी ठिपक्यांचे ब्लाऊज शिवून घेऊ लागल्या. तरुणाईच्या इतिहासात ठिपके आले, खडी फोडणाऱ्या वीस वर्षांच्या पोरी आल्या नाहीत. त्या वीस वर्षांच्या होत्या, हे कुणाच्या लक्षातच राहिलं नसावं.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७१ मध्ये, दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ आला होता. ढगळ चड्डी, पुढे लोंबणारी नाडी. तंबूतल्या खेळाला बेलबॉटम घातलेली पोरं त्या नाडीला पोट धरून हसली. ती नाडी त्यांच्या बापाच्या कमरेला होती, कदाचित दोन वर्षांपूर्वी त्यांच्याही. ते हसू स्वतःवरचं होतं, की आपण सुटलो म्हणून सुटकेचं? आणि बाप शेजारी बसून हसत होता तो कशाला? म्हण इथे अगदीच कोलमडते. सगळ्यांचेच दात दिसत होते.

आणि याच मुलखात पोशाखाच्या वाटेला न जाताही कुणी तरुण मोकळा झालाच की. १९६२ मध्ये गणपतराव देशमुख नावाचा पस्तिशीतला वकील शेतकरी कामगार पक्षाकडून सांगोल्याचा आमदार झाला. पुढे तो एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आला, एसटीनं फिरत राहिला आणि साध्या कपड्यांसाठीच ओळखला गेला. त्याच्यावरून पोशाखाचा आणि स्वातंत्र्याचा काही संबंध नाही, असं म्हणून मोकळं होता येईल. पण मग टोपी खिशात घालणारा तो एसटीतला पोरगा आठवतो. त्यानं एवढी धडपड उगाच केली, असंही म्हणवत नाही.

या गोष्टी कागदावर फारशा नाहीत. आहेत त्या भिंतीवरच्या, पेटीतल्या फोटोंत, आणि ते फोटोही अर्धे फसवे, कारण कोट-टाय बऱ्याचदा स्टुडिओवाल्याचा असे. तेव्हा घरात साठ-सत्तर सालातला लग्नाचा किंवा शाळा सुटतानाचा फोटो असेल, तर त्यातलं जे माणूस अजून आहे त्याच्याजवळ बसा. कोट कुणाचा, घड्याळ कुणी दिलं, साडी कुणी निवडली, तेव्हा कोण हसलं, एवढं विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा. बाई असेल तर मिश्री कधी सोडली, की सोडलीच नाही, हेही विचारा.